काकांच्या खोलीबाहेर काढलेली मॅडम

गंभीर आजारी माणसाची आध्यात्मिक शुश्रूषा हा विषय मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते, आणि फार छान शिकवते असा माझा समज होता. पेशंटला काय हवंय ते विचारा, आपला देव त्याच्या गळ्यात मारू नका, गप्प बसायला शिका. हे सगळं मी तासभर न थांबता सांगते. मुली माना डोलावतात, मागच्या बाकावरच्या मोबाइल बघतात.

मागच्या वर्षी माझे सख्खे काका आमच्याच इस्पितळात दाखल झाले. कॅन्सर हाडांत उतरला होता, डॉक्टरांनी फार तर दोन आठवडे सांगितलेले. गिरीज गावात त्यांची केळीची वाडी. गावात कोणी अंथरुणाला खिळलं की उशाशी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, म्हणायला काकाच पुढे. साहजिकच आता अख्खा गाव त्यांच्यासाठी लोटला. चार वाजता भेटीची वेळ झाली की खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. प्रार्थनेची पुढारी अर्थातच मी. काका डोळे मिटून ‘आमेन’ म्हणायचे आणि आम्ही धन्य व्हायचो.

त्यांच्याजवळ ड्यूटीला तुळिंज गावाहून येणारी माझी एक विद्यार्थिनी होती. वर्गात कायम उशिरा, वही अर्धवट. एके दिवशी आमची रोझरी रंगात आली असताना ती ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, ड्रेसिंग करायचंय, सगळ्यांनी अर्धा तास बाहेर. मी ऐटीत तिथेच उभी राहिले.

“मॅडम, तुम्ही पण.”

व्हरांड्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला की काकांना कसली जखमच नव्हती. अर्धा तास संपताच मी तिला गाठलं आणि चांगली झाडली.  ती म्हणाली, पेशंटला काय हवंय ते विचारा असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून विचारलं. त्यांना थोडा वेळ कोणीच नको होतं. पुढे काका तिच्याशी काय बोलले ते मात्र ती सांगेना. म्हणाली, तुम्हीच विचारा ना. मला राग आला, आणि राग ओसरल्यावर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तीनलाच एकटी जाऊन बसले. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे मला माहीतच नव्हतं. जीभ नुसती वळवळत होती. बऱ्याच वेळाने काकाच बोलले.

“एवढ्यांच्या उशाशी बसलो, बाय. एकालाही विचारलं नाय, भीती वाटते का म्हणून.”

“तुम्हाला वाटते, काका?”

“खूप,” ते म्हणाले, आणि चार वाजेपर्यंत बोलत राहिले.