कोमट पाणी

मास्तरांचा पाय भाजला तो जावयाच्या हातून, आणि तेही सेवा करताना. तीस वर्षं शिवणाची पायमशीन चालवणाऱ्या सासऱ्याचे पाय गार पडलेत, कापसावर चालल्यासारखं वाटतंय, असं रविवारी संध्याकाळी कानावर आलं आणि लग्नाला जेमतेम वर्ष झालेल्या या गड्याला पुढे पुढे करायची लहर आली. हा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. पाण्यातलं आपल्याला कळतं असा समज. बादली पुढ्यात ठेवून त्याने विचारलं, "बाबा, फार गरम नाही ना?"

मास्तरांनी उजवा पाय बुडवला आणि डोळे मिटले. "कोमट आहे. ओता अजून."

जावयाने पातेल्यातलं आणखी तांब्याभर ओतलं. थोड्या वेळाने बादलीत पडलेला साबण काढायला हात घातला, तो चटका बसून हात आपोआप मागे आला. मास्तर मात्र निवांत गुणगुणत होते.

पाय बाहेर काढला तेव्हा घोट्यापर्यंत लालभडक. दोघांनी त्या पायाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

मास्तरांच्या अंगातली साखर बारा वर्षं जुनी. तिच्याशी त्यांचा व्यवहार, परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या पोरासारखा. तपासणीच्या आधी दोन दिवस चहा बिनसाखरेचा, जेवण अर्धं, गोळ्या घड्याळ लावून. मग कागदावरचा सकाळचा आकडा घरभर मिरवायचा. बाकीचे दिवस चहात तीन चमचे, आणि गोळी आठवली तर आठवली.

"तुमच्या सासूबाईंना कळता कामा नये," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "शनिवारी बस डेपोचे बत्तीस गणवेश द्यायचेत. तोवर तोंडाला टाका घाला, जावईबापू. तुमची पँट शनिवारनंतर सगळ्यात आधी."

पँटचं कापड लग्नाच्या वेळचं. वर्षभर ते फळीवर घडी घालून पडलं होतं आणि दर भेटीत 'सगळ्यात आधी' शिवलं जात होतं. जावई कबूल झाला. पँटसाठी नव्हे; चूक आपली, ती झाकली जातेय, एवढ्याच सोयीपायी.

सोमवारी करंगळीशी फोड आला. मंगळवारी फुटला. मास्तरांनी वर मोजा चढवला आणि मशीनवर बसले.

जावई रोज कचेरी सुटली की दुकानात येऊन बसू लागला. सासूबाईंना कौतुक वाटलं. जावयाला वळण आहे म्हणाल्या. तो खाली मशीनच्या पायपट्टीकडे बघत राहायचा. पायमशीनचं एक आहे, सुरुवातीला पाय अचूक पडला तर चाक पुढे फिरतं, चुकला तर उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. मास्तरांचा दोरा तुटलेला गिऱ्हाइकांनी कधी पाहिला नव्हता. बुधवारी तासाभरात तो पाच वेळा तुटला. मास्तर दोऱ्याला नावं ठेवत होते, दोरेवाल्याच्या सात पिढ्या काढत होते.

पाचव्या वेळी जावयाला लोखंडी पायपट्टीवर ओला डाग दिसला. वासही आला. त्याने मोजा काढायला लावला. करंगळी काळपट निळी पडली होती.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

बोंबलले असते तरी चाललं असतं. या 'अजिबात नाही'नंतर जावयाला बसवेना. तो उठला, आतल्या खोलीत काजं करत बसलेल्या सासूबाईंसमोर उभा राहिला आणि रविवारपासूनचं सगळं, आपल्या तांब्यासकट, एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी हातातलं काज पुरं केलं. दोरा दातांनी तोडला. मग म्हणाल्या, "तीन दिवस तुम्ही इथे बसून बघत होतात?"

त्यांनी बाहेर जाऊन दुकानाचं शटर खाली ओढलं. मास्तर जावयाला एवढंच म्हणाले, की शब्द दिला होतात.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी जखम साफ केली. मग मास्तरांना डोळे मिटायला सांगून ताठ नायलॉनचा बारीक दोरा हातात घेतला. तळव्याला टेकला की 'हं' म्हणायचं.

"कितीचा दोरा?" मास्तरांनी विचारलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

त्यांनी अंगठ्याखाली दोरा टेकवला. मास्तर गप्प. टाचेला टेकवला. गप्प. मग हात नुसताच हवेत हलवला, बाही सळसळली, आणि मास्तर म्हणाले, "हं." पुन्हा सळसळ झाली. पुन्हा "हं." अंदाजाच्या उत्तरावर मार्क मिळवायचा तो जुना खेळ सासूबाई समोर उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्या 'हं'ला त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, त्यांनी हातच लावलेला नाही."

मास्तरांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा वात्रटपणा उतरलेला जावयाने पहिल्यांदाच पाहिला.

रक्ताच्या तपासणीने उरलेलं सांगितलं. आदल्या दिवशीच्या उपासाला ती भुलत नाही, तीन महिन्यांची सरासरी काढते. आठाच्या आत हवी होती, निघाली पावणेअकरा. करंगळी राहील का, यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, आज सांगता येणार नाही. रक्त पोचलं तर राहील. पायावर भार नको, साखर ताब्यात हवी, आणि पाय शेकणं कायमचं बंद.

पुढचे अठरा दिवस जखमेच्या पट्ट्या बदलण्यात गेले. गणवेश सासूबाईंनी शेजारच्या शिंपिणीला हाताशी धरून पुरे केले, दोन दिवस उशिरा. प्रत्येक पट्टी सुटताना जावई दाराशी उभा राहायचा. आत जायचा धीर होत नसे. सातव्या पट्टीला डॉक्टरबाईंनी करंगळी दाबली, सोडली. कडेला गुलाबी रंग परतून आला. नख गेलं, बोट राहिलं.

तळव्याची जाणीव मात्र परतली नाही, परतण्याची खात्रीही कुणी दिली नाही. तेव्हा मास्तरांनी दुकानातला, गिऱ्हाईक कपडे घालून बघतं तो आरसा खिळ्यावरून उतरवून जमिनीवर टेकवला. रोज सकाळी त्यावर एकेक पाय धरून तळवा तपासतात, इतरांच्या मापातल्या चुका काढताना बघत तसा, बारकाईने. चपला घालण्याआधी उलट्या करून झटकतात; एकदा त्यातून टाचणी पडली. मशीनला मोटर बसली. आंघोळीचं पाणी आधी सासूबाईंच्या कोपराने पारखलं जातं. चहात साखर नाही. ती गेल्याचं दुःख मास्तर पाहुण्यांना सविस्तर सांगतात, पण गोळीची वेळ झाली की वाक्य अर्ध्यावर सोडून उठतात.

तीन महिन्यांनी सरासरी पावणेआठ आली. या वेळी त्यांनी कागद मिरवला नाही. घडी घालून मशीनच्या खणात ठेवला आणि जावयाला जवळ बोलावून कमरेला टेप लावली.

"दोन इंच वाढलात. सासरचं मानवलं," ते म्हणाले. "माप नव्याने घ्यावं लागणार. कापड पुरेल की नाही, बघतो."

कापड अजून फळीवरच आहे.