स्टेनोबाईंचा ऐकण्याचा पेपर

कोर्टातून निवृत्त झालेल्या स्टेनोबाई स्पॅनिशच्या वर्गाला जाऊ लागल्या, तेव्हा धाकटा भाऊ हसला. "ताई, या वयात पाटी-पेन्सिल?"

हौस कसली डोंबलाची! परदेशी संसार थाटलेली एकुलती एक मुलगी वारली होती. मागे राहिली पाच वर्षांची नात. आईबरोबर त्या पोरीची मराठीही गेली, उरला एक 'आजी' शब्द. जावई भला माणूस. कायमच्या इकडेच या, म्हणत होता. पण तिथे राहायचा परवाना स्पॅनिशची परीक्षा पास झाल्याशिवाय मिळत नव्हता. म्हणून बाई भांडी घासताना क्रियापदं घोकत. विसरलं की स्वतःलाच शिव्या घालत.

परीक्षेत वाचन, लेखन बरं गेलं. मग ऐकण्याचा पेपर. स्पीकरवर एक जोडपं घर बदलण्याविषयी बोलू लागलं, आणि बाईंचा हात चालू झाला. उभा जन्म साहेबांचं बोलणं टिपण्यात गेलेला. अर्थाच्या नादी लागलं की वाक्य सुटतं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. कच्च्या कागदावर लघुलिपीत सगळं उतरलं, जोडप्यातल्या बायकोचं खोकणंसुद्धा. दुसऱ्यांदा ऐकवलं, तरी हात थांबेना. मान वर केली तेव्हा उत्तरपत्रिका कोरी होती आणि पर्यवेक्षक ती घ्यायला समोर उभा होता.

"अहो, थांबा ना! सगळं लिहिलंय मी, हे बघा."

"कच्चा कागद तपासत नाहीत, आजी."

नापास. तेही ऐकण्यात! ज्यांच्या कानांवर न्यायाधीश डोळे मिटून विसंबले, त्या ऐकण्यात नापास. पुढची परीक्षा वर्षानं होती. तोवर पोर आपली राहील का?

रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीनं स्पॅनिशमध्ये विचारलं, "आजी, कधी येणार?"

बाईंना शब्द न् शब्द कळला. अर्थासाठी जावयाकडे न बघता त्यांनी, कुठेही न अडखळता, स्पॅनिशमध्येच सांगितलं, "बाळा, मला येता येणार नाही."

नातीलाही ते पहिल्या फटक्यात कळलं. "बरं," ती म्हणाली आणि खेळायला निघून गेली.