साठावा दिवस

सावेडीतल्या एका शिशुगृहात हन्ना साळवे वीस वर्षं बाळं सांभाळत होती. सगळे तिला हन्नामावशी म्हणत. माहेर नेवासा तालुक्यातलं. लग्न होऊन नगरला आली. नवरा स्टीफन शाळेत शिपाई. त्यांना एकच मूल झालं, ते नऊ दिवस जगलं. स्टीफनला जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

शंभरावर बाळं तिच्या हातून न्हाऊनमाखून दुसऱ्यांच्या घरी गेली. निरोपाच्या वेळी ती रडत नसे. नव्याने लागलेल्या मुली हुंदके द्यायला लागल्या की म्हणायची, "अगं, त्यांचं पुढचं आपल्याला दिसत नाही, देवाला दिसतं. पूस डोळे, बाटल्या उकळायला ठेव."

मग ठमी आली. अकरा दिवसांची, मूठभर जीव. ठमी हे नावही हन्नानंच ठेवलं. तिची आई रोहिणी राजूरकडच्या डोंगरातली, वीस वर्षांची, बिनलग्नाची. तिनं कागदावर सही केली, बाळ हन्नाच्या हातात ठेवलं आणि पाण्याचा घोटही न घेता निघून गेली. 'काय दगड पोरगी आहे,' हन्नाच्या मनात आलं.

मूल सोपवणाऱ्या आईला विचार बदलायला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात ती आली नाही, तर बाळ दत्तक जायला मोकळं होतं. पहिल्या पंधरवड्यातच ठमीनं दूध पिणं सोडलं, वजन उतरलं. चार दिवस दवाखान्यात हन्ना तिच्या उशाशी बसून होती. चमच्याचमच्यानं पाजून तिनं ते पोर परत आणलं. तिथून तिची प्रार्थनाच बदलली. "प्रभू, त्या मुलीला येऊ देऊ नकोस. ठमीला चांगलं घर दे." असं मागताना आपलं काहीतरी चुकतंय हे तिला कळायचं. तरी मागायची.

अठ्ठावन्नाव्या दिवशी अधीक्षक राजनंदिनी मॅडमनी सांगितलं, "मावशी, रोहिणीचा फोन होता. परवा येतेय. बाळ परत हवंय तिला."

हन्नाच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "आणि चार महिन्यांनी परत आणून टाकलं तर?"

"ते बालकल्याण समिती बघेल. आपण ठरवायचं नाही."

दोन दिवस हन्नाला प्रार्थनेला बसवेना. इतरांना सांगितलेलं सगळं आता स्वतःला सांगता येत नव्हतं.

साठाव्या दिवशी रोहिणी अकराला येणार होती. अकरा वाजले, बारा वाजले. एक वाजता मॅडम फाईल घेऊन बालकल्याण समितीच्या कार्यालयात गेल्या. जाताना म्हणाल्या, "ती आली की थेट तिकडे आणा. पाचला समिती उठते. आज अर्ज झाला नाही तर संपलं."

दोन वाजून गेले. हन्नाला लाज वाटत होती, पण आत कुठेतरी आशा वाढत होती. तीनला दहा मिनिटं असताना ऑफिसातला फोन वाजला.

"मॅडम हायती का? म्या रोहिणी. कोल्हारपाशी यष्टी बंद पडलीया. दुसरी मिळंना. पर म्या येतीया, कशीबी येतीया. मॅडमला सांगा, मोबाईलची बॅटरी आता..."

आवाज तुटला.

ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. हन्नानं रिसीव्हर खाली ठेवला. हा फोन आला होता हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. काहीच करायचं नव्हतं, नुसतं पाळण्याजवळ जाऊन बसायचं होतं. पाच आपोआप वाजले असते.

ती पाळण्याजवळ गेली. ठमी झोपेत ओठ चोखत होती. हन्नाला त्या रस्त्याच्या कडेला, उन्हात, येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करणारी पोरगी दिसायला लागली. तीही काहीतरी मागतच असेल. आणि ज्याच्याकडे आपण मागतोय, तोच तिच्याही जवळ उभा असेल. गेले चाळीस दिवस आपण त्याला फक्त या पाळण्याशी उभं राहून बघायला सांगत होतो.

"प्रभू, मला पटत नाहीये," ती मोठ्यानं म्हणाली. "मला भीती वाटतेय. पण तुला तिकडचंही दिसतंय. मला नाही दिसत."

तिनं मॅडमना फोन लावला.

"मी समितीच्या साहेबांना थोपवून धरते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मनमाड रस्त्यावर थांबा, ती तिथेच उतरेल."

ठमीला दुसऱ्या बाईच्या हवाली करून हन्ना निघाली. ओळखीच्या दिलावरभाईंची रिक्षा तिनं रस्त्याला उभी केली. चार वाजले. सव्वाचार. प्रत्येक एसटी थांबायची, माणसं उतरायची, रोहिणी नसायची. दिलावरभाई दोनदा म्हणाले, "मावशी, सावलीत तरी बसा." ती बसली नाही. पाचला वीस कमी असताना कांद्याच्या टेम्पोतून एक मुलगी उडी मारून उतरली. केसभर धूळ, पायात एकच चप्पल.

"चल!" हन्नानं तिचा हात धरून तिला रिक्षात ओढलं.

धापा टाकत रोहिणीनं पहिलं विचारलं ते असं: "तिला डाव्या कुशीवर तर निजवत न्हाई ना? दूध बाहीर येतंय तिचं."

हे कळायला हन्नाला आठवडा लागला होता. पदरानं तिनं त्या मुलीचं तोंड पुसलं, आणि मग तिला स्वतःचंही पुसावं लागलं.

"मग त्या दिवशी पाणीसुदीक न पिता का गेलीस गं?"

"बा बाहीर हुता," रोहिणी म्हणाली. "रडले असते तर त्यानं आईला मारलं असतं. आता मामानं ठिवून घेतलंय मला न् आईला."

पाचला सात मिनिटं असताना अर्जावर सही झाली.

पुढे चौकशी झाली, मामाचं घर पाहिलं गेलं, आणि तीन आठवड्यांनी ठमी आईच्या कडेवर गेली. त्या दिवशी हन्ना सगळ्यांसमोर रडली. नंतर कितीतरी दिवस तिला झोप धड लागली नाही. आपण बरोबर केलं का, हे तिला कुणी सांगितलं नाही. रोज ती रोहिणी आणि ठमी, दोघींची नावं घेऊन प्रार्थना करी. काय करायचं ते मात्र देवाला सांगत नसे.

दिवाळीनंतर मॅडम पाहणीला राजूरला जाऊन आल्या. "बरी आहे, मावशी. दोन दात आलेत. थोडी बारीक वाटली."

"बारीक म्हणजे?" हन्ना हातातली बाटली ठेवून जवळ आली. "किती बारीक?"