गोव्याहून परतलेले हेडक्लार्क

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साली आमच्या कचेरीत एक हेडक्लार्क होते. जन्म इथलाच, रत्नागिरीतला, पण समुद्र त्यांना सापडला तो गोव्यात, चार दिवसांच्या रजेत. येताना त्यांनी पाण्याखाली बघायचा रबरी चष्मा आणला होता. फळीवर उभं राहून लाटेवरून कसं घसरायचं, रात्री गोऱ्या बायकांबरोबर कसं नाचायचं, हे ते आम्हाला रोज शिकवत. वर म्हणत, "आपल्याकडे काय आहे हो? नुसती मासळी!"

एका रविवारी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. मी कमरेएवढ्या पाण्यात असताना पायाखालची वाळू सरकली आणि ओढीनं मला आत खेचलं. हेडक्लार्क चष्मा लावून कोरड्या वाळूत उभे होते.

"घाबरू नका! पाय मारा!" ते तिथूनच ओरडले.

तिसऱ्या-शिंपल्या वेचणारी एक बाई लुगडं खोचून आत शिरली आणि तिनं दंडाला धरून मला बाहेर काढलं. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुमी नुसते बगत काय उभे?"

सोमवारी ते कचेरीत सगळ्यांना सांगत होते, "मी उडी घेतली नसती तर हे गेलेच होते!" मग माझ्याकडे वळले. "काय हो, खरं ना?"

माझा बदलीचा अर्ज त्यांच्याकडेच पडून होता.

"खरंय साहेब," मी म्हणालो, "तुमच्यामुळेच वाचलो."