शिळेवरून वगळलेलं नाव

आमच्या मंडळाच्या सभागृहात करोनात गेलेल्यांची शिळा बसवायची ठरली, तेव्हा नावांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत मराठी शिकवलेलं, अक्षर बरं. काशीत आता शुद्ध मराठी लिहिणारी माणसं उरलीत किती?

यादी मी केली. त्यातून एक नाव मुद्दाम गाळलं. अध्यक्षांच्या आईचं.

दुसऱ्या लाटेत माझ्या नवऱ्याचा ऑक्सिजन उतरू लागला. हॉस्पिटलात जागा नव्हती. सगळ्या घरांनी मिळून घेतलेलं ऑक्सिजनचं मशीन मंडळात असायचं आणि किल्ली अध्यक्षांकडे. पंचगंगा घाटावरच्या आमच्या गल्लीतून मी दुपारच्या उन्हात धावत त्यांच्या दारी गेले. ते गच्चीवरूनच बोलले, "वहिनी, मशीन खराब आहे. दुरुस्तीला दिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. शेवटचे तीन तास मी यांच्या पाठीला उशा लावत होते आणि हे मला खुणेनं विचारत होते, आलं का?

पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांच्या आई आजारी पडल्या. त्यांच्याकडे काम करणारी बाई मला सहज म्हणाली, "मशीन तो पहिले से घर में रखा था, फिर भी अम्माजी नहीं बचीं." पहिले से, म्हणजे आधीपासून. हे दोन शब्द मी चार वर्षं कुणाला सांगितले नाहीत. जपून ठेवले.

अनावरणाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी कापड ओढलं, हात जोडले आणि नावं वाचू लागले. माझ्या नवऱ्याचं नाव त्यांनी जरा घाईनं वाचलं. शेवटच्या ओळीशी आले, थांबले, पुन्हा वरपासून बोट फिरवू लागले. मी पहिल्या रांगेत बसून ते बोट बघत होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

"वहिनी, आमच्या आईचं नाव राहिलं."

"राहिलं नाही. मी लिहिलंच नाही."

सगळे माझ्याकडे वळले. मी उभी राहिले. "मी दारात आले होते, त्या दिवशी मशीन कुठे होतं, ते आधी सांगा."

"अब छोड़िए न, वहिनी. आज काय तो विषय..."

"कुठे होतं?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही. मग अगदी हळू म्हणाले, "आमच्या घरी."

"मोठ्यानं सांगा. आणि घरात कोण आजारी होतं तेव्हा?"

"कुणी नाही. आईची भीती वाटत होती. वेळ आली तर हाताशी असावं म्हणून..." ते रडू लागले. मला दया आली नाही. मी त्यांना पुरतं रडू दिलं, मग घरी आले आणि पोटभर जेवले.

संध्याकाळी मात्र अध्यक्षांच्या आई, आमच्या काकू, आठवत राहिल्या. नवी नवरी होऊन मी नागपूरहून इथे आले, तेव्हा पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या मला उतरवत नसत. काकू माझं मनगट धरून एकेक पायरी उतरवायच्या. मशीन कुठून आलं, कुणाच्या वाट्याचं होतं, हे त्यांना कुणी सांगितलंही नसेल.

आठवड्यानं मी त्यांचं नाव कागदावर लिहून पाथरवटाकडे दिलं. तळाशी जागा कमी होती, म्हणून अक्षरं बारीक आली. लोक म्हणतात, वहिनींनी माफ केलं. अध्यक्षांनाही तसंच वाटलं असावं. परवा गल्लीत समोरून येऊन ते माझ्या पाया पडायला वाकले.

मी पाय मागे घेतले आणि भिंतीला लागून पुढे निघून गेले.