राजापूरच्या पाहुण्यांबरोबर डोंगर

डोंगरावर जायला नवा पंजाबी ड्रेस कशाला, असं मी आईला विचारलंसुद्धा होतं. "फोटो काढायचेत," म्हणून तिनं माझी वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली. २००१ सालची दिवाळीची सुट्टी. मी रत्नागिरीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते.

डोंगर देवरुखच्या पुढचा. आमच्या दारचा दगड म्हणजे लाल जांभा. तिकडे सगळा काळा कातळ, ज्वालामुखीतून ओतलेला. लहानपणी मला बाळदमा होता. धाप लागली की बाबा मांडीवर घेऊन सांगायचे, "बरी झालीस की त्या काळ्या डोंगरावर जाऊ. आपण दोघंच." पुढे दमा गेला, डोंगर तेवढा राहिला होता.

दोघंच कसले! आई आली, आणि स्टँडवर बाबांच्या ओळखीचं राजापूरचं एक कुटुंब येऊन मिळालं. काका, काकू आणि त्यांचा इंजिनिअर मुलगा. पांढरेशुभ्र बूट घालून आलेला तो पहिल्याच चढणीला लालबुंद झाला. मला मनातून हसू येत होतं.

बाबा मात्र भलतेच खुशीत. "अगो, थांबू नकोस, हो पुढे!" आणि मागे वळून काकांना, "बघा, कशी सरसर जाते." मधेच आईनं मला गाणं म्हणायला लावलं. भर चढणीवर! मी तेही म्हटलं, कुठेही श्वास न तोडता. बाबांचा चेहरा असा फुलला होता, की मला आणखीच चेव आला.

माथ्यावर मी एका कातळाआड वारा खात बसले होते. पलीकडे डबे उघडत काकू आईबाबांना म्हणाल्या, "दम्याचं उगाच उठवलंन हो कोणीतरी. आता आम्ही डोळ्यांनीच बघितलं. आमच्याकडून होकार समजा."

मी उठून उभी राहिले. बाबांनी मला पाहिलं आणि मान फिरवली.

कांदेपोह्यांना बसवलं असतं तर निदान कशाला बसवलंय ते तरी कळलं असतं. बैल घेण्याआधी पळवून बघतात, तसं मला चढवून बघितलं होतं. तेही माझ्याच डोंगरावर. आईचा राग आला, पण बाबांचं वागणं जिव्हारी लागलं.

उतरताना मी खोकायला लागले. आधी हळूच, मग दर वळणावर छातीला हात लावून. काकूंचा चेहरा पडत गेला. बाबा जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "पुरे कर."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आली नसतीस."

मी पुन्हा खोकले, आधीपेक्षा मोठ्यानं.

ते लग्न जमलं नाही. घरात मला त्यावरून कुणी बोललं नाही. पण बाबा चारचौघांत माझं कौतुक करायला लागले, की तेव्हापासून मी आधी बघते, ऐकायला कोण बसलंय.