रोझाबाईंची निळी-पांढरी काठी

शेजार चांगला असला की किस्से शोधत हिंडावं लागत नाही, खिडकी उघडी ठेवली की पुरतं. आमचे हे म्हणतात, "तुझी खिडकी पावसातसुद्धा लागत नाही!" नसेल लागत. पण पिंपरीच्या कॉलनीत आमच्या शेजारी रोझाबाई राहत होत्या, तेव्हाचं जे साठलंय, ते त्या खिडकीमुळेच.

त्यांचे साहेब कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले इंजिनियर. आम्ही जर्मन म्हटलं की बाईंना राग. "जर्मन नाही, बव्हेरियन!" म्हणजे आपल्याकडे कोकण, तसा त्यांचा तो मुलूख. मुलगी लिझी, आठ वर्षांची. चार वर्षांची असताना इकडे आली आणि मराठी शिकली ती दूध घालणाऱ्या गेनूकडून!

एक दिवस रोझाबाई आल्या. थोडं मोडक्या हिंदीत आणि उरलेलं लिझीकडून वदवून म्हणाल्या, "जूनमध्ये आम्ही कायमचे परत जाणार. हिला आमच्याकडचा एकही सण ठाऊक नाही. आपल्याच गावात ही पाहुणी ठरेल."

"मग शिकवा की!"

"एकट्या पोरीनं सण होत नाही. पोरं पाहिजेत."

पोरं जमवायची कुणी? मी! तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

*

नोव्हेंबरात कंदिलांचा सण. कुणी एक घोडेस्वार संत, थंडीनं कुडकुडणारा भिकारी दिसतो, संत आपला झगा तलवारीनं अर्धा कापून त्याला देतो. पोरांनी दिवाळीतले आकाशकंदील काठ्यांना बांधले. टांगेवाल्याचं घोडं आलं. झग्याला माझी सोलापुरी चादर मागितली. मला वाटलं, नाटकच आहे, कापल्यासारखं करतील.

टर्रकन फाडली हो! नवी कोरी चादर!

त्यात वाटेनं खराच एक म्हातारा गोसावी आला. पोरांनी मोठ्या भक्तीनं अर्धी चादर त्याच्या अंगावर घातली. त्यानं उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "अर्धी काय करू? द्यायची तर सगळी द्या!"

उरलेली अर्धीही गेली.

*

डिसेंबरात दुसरा संत, निकोलस. पोरांनी बूट चकचकीत करून उंबऱ्याबाहेर ठेवायचे, तो येऊन खाऊ टाकून जातो. आता कॉलनीत पायात बूट असलेली पोरं तीन. बाकीच्यांनी बापाचे ठेवले!

आमचे हे पहाटे घाईघाईत बूट चढवून पहिल्या शिफ्टला गेले. दुपारी लंगडत आले. "माझ्या बुटात गूळ-शेंगदाणे कुणी टाकले?"

"निकोलसनं."

"कुठल्या डिपार्टमेंटचा आहे तो?"

*

मग आली ईस्टरची अंडी. रंगवायची, लपवायची, पोरांनी शोधायची. मी परोपरीनं सांगितलं, बटाटे रंगवा, इथे निम्मी घरं अंड्याला शिवत नाहीत. बाई ऐकतील तर शपथ!

लपवली वीस, सापडली एकोणीस. विसावं आठ दिवसांनी वासावरून सापडलं, कुलकर्णीकाकूंच्या तुळशीवृंदावनात! काकू तरातरा आल्या, दारात उभ्या राहून ओरडल्या, "कुणी ठेवलं?"

लिझी शांतपणे म्हणाली, "सशानं ठेवलंय काकू."

"ससा अंडी घालतो?"

"घालत न्हाई. निस्ता आणतो."

काकूंनी दोनदा आंघोळ केली. माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. ससा राहिला बाजूला!

*

राहिला शेवटचा सण, मे महिन्याचा. सुरूचा उंच वासा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवायचा, वर फुलांचं कडं बांधायचं आणि एक मेला उभी करेपर्यंत राखण करायची. कारण शेजारचं गाव काठी चोरायला टपलेलं असतं! चोरली की मेजवानी देऊन सोडवून आणायची.

काठी रंगवून कॉलनीच्या मैदानात आडवी ठेवली. पोरं पाळीपाळीनं राखणीला. चार दिवस कुणी ढुंकून बघितलं नाही. एक मेला दोन दिवस उरले. लिझी माझ्या पायरीवर येऊन बसली.

"मावशी, आमची काठी कुनालाच नको."

"बरंच आहे की!"

"चांगली असली तर चोरत्यात. तिकडं गावाकडं आजी इचारंल, चोरीला गेली व्हती का? काय सांगू?"

 सकाळी दूध घालायला गेनू आला. त्याची वाडी नदीपलीकडे. त्याला बाजूला घेतलं.

"गेनू, आमची काठी चोरा."

"चोरी? म्या माळकरी मानूस, वैनी!"

"परत द्यायचीय रे नंतर."

"परत द्यायची, तर चोरायची कशापायी?"

"मला काय माहीत? चोर म्हटलं की चोर!"

भरदुपारी पोरं जेवायला गेली, तेवढ्यात सहा गडी येऊन काठी घेऊन गेले. अन् लिझी घरोघर नाचत सुटली, "चोरली! आमची काठी चोरली!" रोझाबाई पदर नसताना डोळे पुसायला पदर शोधत होत्या. मी माझा दिला.

त्यांच्याकडे सोडवायला बिअर देतात म्हणे. इथे दारूबंदी! मग दुधाच्या दोन कॅन ताक आणि माझ्या हातच्या पुरणपोळ्या. वाजतगाजत वाडीवर गेलो, काठी आणली, उभी केली.

जूनमध्ये ते गेले. पुढे रोझाबाईंचं पत्र आलं. आजीनं विचारलं, अशी काठी कधी बघितलीस का? लिझी म्हणाली, "बघितली? आमची तर चोरीला गेली होती!"

*

पुढच्या वर्षी एप्रिल संपता संपता मी मसाला कुटत होते. गेनू आला. दूध ओतलं, पण निघेना. तोंड फुगलेलं.

"काय झालं रे?"

"वैनी, आमी मारुतीपुढं काठी ठिवलीया. निळी-पांढरी रंगीवलीया. आठ दिस झालं! राखणीची पोरं मुद्दाम डोळं मिटून पडत्यात. तुमच्या कॉलनीला काय लाज हाय का न्हाई?"